मुक्ताच्या निर्णयाविषयी

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. दहावीला चांगले गुण असूनही मुक्ता विज्ञान शाखा सोडून हॉटेलच्या किचनचे शिक्षण घ्यायचे म्हणते, यामुळे तू अस्वस्थ आहेस, हे समजले. ‘एवढे शिकून लोकांना वाढायचेच का?’ हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत आम्हा शिक्षकांना पालक नेहमी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुण कमी पडले म्हणून मुले इकडे वळतात, हा समज मला, किचनचे काम शिकवणाऱ्याला, मुळीच पटत नाही. कोणाची आई डबे पुरवते, कोणाच्या मामाचे घणसोलीत पोळी-भाजी केंद्र असते, तर कोणी लग्नसराईत केटररकडे वाढपी म्हणून राबलेला असतो. लहानपणापासून पाहिलेल्या या कामामागे एक शास्त्र आहे, हे कळल्यावर त्या मुलांना जी ओढ लागते, ती मी रोज पाहतो. कांदा चिरताना बोटांची टोके आत वळवून पाते पेरांच्या आधाराने चालवायचे, हे पहिल्या आठवड्यात अवघड जाते. मग हळूहळू सगळे तुकडे एकसारखे पडू लागतात आणि आपल्याला काही येते आहे, हे त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. शिजवलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात फार वेळ राहिले की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, हे तो घरी जाऊन आईला सांगतो. पाठांतरात मागे पडलेल्या मुलाला अशी ओळख वर्गात क्वचितच मिळते.

दुसरे कारण सरळ पैशाचे आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. आयटीआयचा फूड प्रॉडक्शनचा, म्हणजे हॉटेलच्या स्वयंपाकाचा, अभ्यासक्रम दहावीनंतर एका वर्षाचा आहे. पुढे शिकाऊ उमेदवारीत स्टायपेंड मिळतो आणि घरावरचा भार लवकर हलका होतो. शिवाय वाशी, तुर्भे, महापे या पट्ट्यात हॉटेले आणि कंपन्यांची कँटीने आहेत आणि आता विमानतळही सुरू झाला आहे, त्यामुळे नोकरीसाठी घर सोडावेच लागेल असे नाही.

कष्ट मात्र मी लपवणार नाही. आठ-आठ तास उभे राहावे लागते, सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि दिवाळीत सगळे घरी असताना आपली शिफ्ट असते. काही मुले हे न सोसून मध्येच सोडतात. मुलींच्या रात्रपाळीबाबत, घरी सोडायला गाडी मिळते का, हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारलेच पाहिजे.

मुक्ताला बारावी करायची असेल, तर पुढे एनसीएचएमची, म्हणजे हॉटेल व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय परिषदेची, प्रवेश परीक्षा देऊन 1954 मध्ये स्थापन झालेल्या आणि आता दादरला असलेल्या आयएचएमसारख्या हॉटेल व्यवस्थापनाच्या संस्थेत पदवीही घेता येईल. तो रस्ता आज बंद होत नाही. अर्ज भरण्यापूर्वी तिला घेऊन एक दिवस आमच्याकडे ये. सकाळच्या प्रात्यक्षिकाला तिला उभी करू, आणि तूही शेजारी थांब. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश