एक-चौदावर नाव दिसले म्हणून टोकन देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की गोव्यात घरांची शोधाशोध वाढते. घर पाहायचे, पसंत पडले की टोकन द्यायचे आणि मग कागद वकिलाकडे न्यायचे, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. पैसे अडकतात ते या क्रमामुळेच. कागद आधी, टोकन नंतर, एवढे पथ्य पाळले तरी निम्मी भानगड टळते.

महाराष्ट्रातून आलेला माणूस सातबारा मागतो, इथे गोव्यात त्याच्या जागी एक-चौदाचा उतारा मिळतो. त्यावर कब्जेदार म्हणून नाव असले म्हणजे तो मालक, असा सरसकट समज आहे. ही महसुली नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. मालकी सिद्ध होते खरेदीखत, इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीचा) न्यायालयीन निवाडा किंवा पोर्तुगीज काळातली जमीन नोंदणी कार्यालयातली नोंद यांतून. उताऱ्यात कब्जेदाराच्या रकान्यापेक्षा ‘कूळ’ आणि ‘इतर हक्क’ हे रकाने जास्त बारकाईने वाचावेत. भाटात (माडा-झाडांच्या बागायती जमिनीत) कोपऱ्याला एखादे छोटे घर असेल तर तिथे कोण राहतो, हे शेजाऱ्यांना विचारावे. तो मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, निघाला तर १९७५ च्या मुंडकार कायद्याने घर आणि त्याभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. ही जागा पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत आणि इतरत्र २०० चौरस मीटरपर्यंत असते. मामलेदाराकडे नोंद नाही म्हणून मुंडकार नाही, असे धरून चालू नये. जमीन कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची) किंवा आल्वाराची (सरकारने अटींवर दिलेली) असेल तर तिथेच थांबलेले बरे.

सर्वांत जास्त व्यवहार फसतात ते सह्यांवर. आपल्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. वारशाने आलेलीही त्यात येते. म्हणून वडील वारलेले, आई हयात, तीन मुले आणि तिघांची लग्ने झालेली असतील, तर आई, तीन मुले आणि त्यांचे तीन जोडीदार अशा सात सह्या लागतात. मुलीचे लग्न होऊन ती सासष्टीला गेली असली तरी तिची आणि जावयाची सही हवीच. ‘ती काही मागणार नाही’ हे वाक्य कानावर आले की समजावे, तिला अजून विचारलेलेच नाही. खास नोटरीपुढे केलेले वारस ठरवण्याचे खत वारस कोण ते सांगते, वाटणी करून देत नाही. त्या खतावर सगळ्यांनी मिळून विकता येते. एकानेही नकार दिला की इन्व्हेंटरीसाठी न्यायालय गाठावे लागते आणि तोपर्यंत तुमचे टोकन अडकून पडते.

भूखंड घेताना नगरनियोजन खात्याकडून झोनचा (जमीन कशासाठी वापरता येते त्याचा) दाखला स्वतः काढावा, एजंटाने दिलेली झेरॉक्स चालवून घेऊ नये. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) किंवा ३९-ए खाली झोन बदलून घेतला असेल तर आधी वकिलाचे मत घ्यावे, कारण या दोन्ही कलमांखालच्या बदलांना उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. सनद (जमीन बिगरशेती केल्याची परवानगी) असली तरी तिच्यावरचा सर्व्हे क्रमांक, पोटविभाग आणि क्षेत्रफळ खताशी जुळवून पाहावे. पूर्ण भाटाच्या एका तुकड्याची सनद दाखवून शेजारचा तुकडा विकण्याचे प्रकार होतात. भातशेती असेल तर २०२३ च्या कायद्याने ती शेतकऱ्यालाच विकता येते.

फ्लॅटचे गणित थोडे सोपे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटचा प्रकल्प रेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणात) नोंदवलेला हवा, आणि नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तयार फ्लॅट असेल तर पूर्णत्वाचा दाखला आणि पंचायत किंवा पालिकेचा भोगवटा दाखला, दोन्ही पाहावेत. भोगवटा दाखला नसला की वीज बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर चालते आणि बँकही हात आखडता घेते. दर कार्पेट (आतल्या वापराच्या) क्षेत्रफळावर काढावा, जिना-लॉबीचा वाटा धरलेल्या सुपर बिल्ट-अपवर नव्हे. कर्ज किती मिळेल तेही आधीच विचारावे. ८० लाखांच्या फ्लॅटवर बँक जास्तीत जास्त ६४ लाख देऊ शकते. उरलेले १६ लाख आणि वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील हे सगळे खिशातून.

जुने घर दोनदा पाहावे, एकदा जुलैत आणि एकदा मेमध्ये. जुलैत चिऱ्याच्या भिंतीला खालून चढणारी ओल, कौलांची गळती आणि वाशांतली वाळवी उघडी पडते. मेमध्ये विहिरीचा तळ आणि टँकरची गरज कळते. उन्हाळ्यात रंग काढलेली भिंत काहीच सांगत नाही. १९७२ च्या सुमाराच्या सर्व्हे नकाशावर घर दाखवले आहे का, तेही पाहावे. घरपट्टीच्या पावत्यांनी मालकी सिद्ध होत नाही.

हे सारे पाहून झाल्यावर टोकन द्यावे, तेही धनादेशाने. मालकी किंवा सह्यांत खोट निघाली तर ठराविक दिवसांत पूर्ण रक्कम परत, ही अट लेखी असावी. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो. विक्रेता परदेशात स्थायिक असेल तर कपात याहून बरीच जास्त होते आणि ती न केल्यास वसुली खरेदीदाराकडून होते. त्याने तिकडून पाठवलेले मुखत्यारपत्र इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचे मुद्रांक शुल्क भरलेले असावे. ही तारीख खरेदीखताच्या आदल्या दिवशी नव्हे, टोकन देण्यापूर्वी तपासावी.

आपले,
जमीन-कागदपत्रांचे काम करणारे काही वाचक, फोंडा