उस्तादांच्या जवानास

हवालदारसाहेब, राम राम.

नाव लिहायचं नाही ही तुमचीच अट, ती पाळते. फोंड्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

गेल्या नोव्हेंबरात मी बाबांना, म्हणजे तुमच्या उस्तादांना, फौजी पेन्शनला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन गेले होते. वय 85, हाताला कंप. यंत्रावर अंगठा उमटेना. उजवा, डावा, मग एकेक बोट, पुसून पुन्हा. काउंटरमागचा माणूस मान वर न करता मला म्हणाला, "मग हे जिवंत आहेत हे मी कशावरून मानू?" बाबा समोरच उभे होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी हात खिशात घातला, तो घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही.

त्यानंतर बोलणंच बंद. नातेवाईक येऊन "आता वय झालं" म्हणून जात. डिसेंबरात गोवा मुक्तिदिन आला की शाल घालून फोटो काढणाऱ्यांपैकी कोणी फिरकलं नाही. ते सोडा.

तुमची ओळख फौजी कॅन्टीनच्या रांगेतली, तेवढीच. दारात टाचा जुळवून तुम्ही म्हणालात, "राम राम, उस्ताद! कागदावर तुम्ही वारलात म्हणे. बरं झालं, रात्रीचा पहारा माफ." मी हादरलेच. खरं सांगते, तुम्हाला बाहेर काढणार होते. तेवढ्यात आतून आवाज आला, "आधी शर्टाचं बटण लाव, मग बोल." तीन आठवड्यांतलं त्यांचं पहिलं सबंध वाक्य!

दाखला तुम्ही कसा मिळवून दिलात ते लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते चहाबद्दल.

तुम्हाला मी कपबशीत चहा दिला आणि बाबांना झाकणाच्या प्लास्टिकच्या कपात, लहान मुलांना देतात तसल्या. गेले सहा महिने तसाच देत होते. बाबांनी तोंड फिरवलं. तुम्ही काही बोलला नाहीत. दोन्ही कप माझ्या हातात परत दिलेत आणि स्टीलचे दोन पेले मागितलेत, अर्धे भरून. कोपरं गुडघ्यांवर टेकवून पेला दोन्ही हातांत धरलात. "तिकडे कारगिलकडे, द्रासला असाच प्यायचो, उस्ताद. एका हाताने धरला तर अर्धा चहा हातमोजाच पिऊन टाकायचा." बाबांनी दोन्ही हात पुढे केले. थोडा सांडला. तुमचाही सांडला. मुद्दाम की कसं, ते विचारणार नाही.

कीव न करता मदत करणं किती थोड्यांना जमतं! मला, पोटच्या लेकीला, जमलं नव्हतं.

मग तुमचं दोघांचं जे सुरू झालं ते काय सांगू. बाबा 1961 च्या डिसेंबरात मराठा पॅरा पलटणीतून इथे गोवा मुक्तीसाठी आले, तुम्ही 1999 ला कारगिलला, आणि दोन्ही मोहिमांचं नाव एकच, ऑपरेशन विजय. बाबांनी लगेच टोला हाणला, "आम्ही 18 ला शिरलो, 19 ला रात्री पोर्तुगीज गव्हर्नरची शरणागतीवर सही. तुम्ही अडीच महिने काय करत होता रे?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "उस्ताद, तुम्ही बेळगावहून घाट उतरून आलात. आम्हाला 16 हजार फूट चढायचं होतं. उतारावर काय, नारळसुद्धा लढाई जिंकतो." बाबा खोकला येईपर्यंत हसले.

आणि ती बुटाची गोष्ट. पोर्तुगिजांनी पूल उडवलेले, पाण्यातून येताना बाबांचा डावा बूट गेला. आम्ही ती इतक्यांदा ऐकलेली की हसणंही सोडून दिलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "पगारातून कापला का?" इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. कापला होता!

आता शेजारचा अग्निवीर मुलगा रजेवर आला की तोही तुमच्या तावडीत सापडतो. "चार वर्षांत आमचे बूटसुद्धा मऊ होत नव्हते," हे ऐकून तो परवा म्हणाला, "एकाच बुटाचे पैसे कापले की दोन्ही?" बाबांना तो आवडलाय, दाखवत नाहीत.

प्लास्टिकचा कप मी भंगारात दिला. रविवारी याल तेव्हा जरा जपून. त्या नारळाला बाबांनी उत्तर शोधलंय, मला सांगत नाहीत.

तुमची,
उस्तादांची लेक