भंगार बनवूनही वीज खपतेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विजेचा खप वाढला की देश पुढे जातो, असं कालच्या अग्रलेखाने ठासून सांगितलं. सोबतच्या आलेखात दोन्ही रेषा एकाच करड्या रंगात छापल्यात, त्यामुळे वीज कोणती आणि उत्पन्न कोणतं हे काही उमगलं नाही. एका अर्थी ते बरोबरच आहे. 1978 साली क्राफ्ट आणि क्राफ्ट या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्या आकड्यांवरून उत्पन्न आधी वाढतं, ऊर्जेचा वापर मागून येतो असं मांडलं. कोण कोणाला ओढतं हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. आपण तो एका परिच्छेदात मिटवलात, अभिनंदन!

दरडोई वीजवापरात आइसलंड जगात पहिला. तिथली बहुतेक वीज ॲल्युमिनियमचे कारखाने खातात, एका किलोला 13 ते 15 युनिट. ब्रिटनचा खप 2005 च्या सुमारास शिखरावर होता, मग उतरला. अर्थव्यवस्था तरी वाढलीच. असो.

चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. एवढ्या लांबलचक लेखात विजेच्या दर्जावर एक ओळ नाही. कारखान्यातली पीव्हीसी पाइप बनवणारी लाइन घ्या. व्होल्टेज सेकंदाच्या दहाव्या भागापुरतं निम्म्यावर आलं, तर घरातला दिवा नुसता लुकलुकतो. कारखान्यात मात्र कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच, सुटतो आणि एक्स्ट्रूडरचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक पुढे रेटणाऱ्या यंत्राचा, स्क्रू जागीच थांबतो. स्क्रूभोवतीचं बॅरल 180 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलंच असतं. आत अडकलेलं पीव्हीसी करपायला लागतं, आम्लाची वाफ सोडतं. लाइन लगेच चालू झाली तर ठीक. नाहीतर डाय (पाइपला आकार देणारा साचा) खोला, करपलेला माल खरवडा, पर्जिंग कंपाउंड (यंत्र आतून साफ करणारं मिश्रण) घालून स्क्रू धुऊन काढा, पुन्हा तापवा, आणि पाइपची जाडी मापात येईपर्यंत निघेल ते भंगारात टाका. तासन्‌तास गेले. आणि मीटरवर? शंभर किलोवॉटची मोटर धरली तरी व्होल्टेजच्या त्या क्षणभराच्या डुलकीत युनिटचा शंभरावा भागही वाचत नाही. उलट पुन्हा तापवायला लागलेले युनिट मीटरवर चढतात. म्हणजे अग्रलेखाच्या हिशेबाने भंगार बनवून देशाने प्रगतीच केली.

व्होल्टेज सतत कमी असेल तर त्रास निराळा. ते 10 टक्के उतरलं की कारखान्यातल्या नेहमीच्या इंडक्शन मोटरचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) 19 टक्के घटतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. भार तोच, म्हणून मोटर करंट जास्त ओढते आणि वाइंडिंग जळतं. कारखानदार कंटाळून जनरेटर घेतो, लिटरभर डिझेलला तीन-चार युनिट. त्या पैशात नवं यंत्र आलं असतं. शिवाय डुलकीवर जनरेटरचा उपयोग शून्य. तो सुरू होऊन भार घेईपर्यंत काही सेकंद जातातच. त्यापेक्षा कॉन्टॅक्टरचं कंट्रोल सर्किट छोट्या यूपीएसवर घेतलं तर बऱ्याच डुलक्या पचतात, पण हे लिहील कोण?

खपाच्या शेजारी निदान एवढं तरी छापा: वर्षात एका ग्राहकाची वीज सरासरी किती वेळा गेली, किती मिनिटं गेली. तेही अपुरंच, कारण काही मिनिटांहून छोटा खंड त्यात सहसा धरत नाहीत.

आणि हो, 'वर्षाला 1000 मेगावॉट वीज वापरली' हे वाक्य लेखात दोनदा आहे. मेगावॉट हा वेग झाला, युनिट म्हणजे अंतर. 'वर्षभरात ताशी 60 किलोमीटर चाललो' असं कोणी लिहिलं असतं तर आपण छापलं असतं का? आलेखाखालच्या ओळीतही तेच आहे.

आपला,
एक वाचक