मांजराला टीव्हीपासून वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटी लागली की मुलांसोबत घरी बघण्याजोग्या अ‍ॅनिमेशनपटांच्या याद्या पुरवण्यांतून येतात. ते बघायचे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही.

तलवारबाज मांजराच्या ‘पुस इन बूट्स : द लास्ट विश’चेच घ्या. अमेरिकेत तो २१ डिसेंबर २०२२ला चित्रपटगृहांत लागला आणि ६ जानेवारी २०२३ला घरबसल्या मिळू लागला. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रे, हा सिनेमाचा नेहमीचा हिशेब. या चित्रपटात शांत प्रसंगांत जवळजवळ प्रत्येक फ्रेमला पात्र हलते; पण सुरुवातीच्या राक्षसाशी झुंजीसारख्या दृश्यांत एकच पवित्रा दोन फ्रेम धरून ठेवलेला आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १२ पवित्रे. त्यातून तो हाताने रंगवल्यासारखा ठसका येतो. नेट अडकले की काय, अशी शंका घेऊ नये. ते मुद्दाम केलेले आहे.

गोंधळ घालतो तो टीव्ही. नव्या संचांत ‘मोशन स्मूदिंग’ बहुधा दुकानातूनच चालू होऊन येते. दोन फ्रेमच्या मधली चित्रे टीव्ही स्वतः रचून घुसवतो. क्रिकेटला हे ठीक. इथे मात्र दोन सारख्या फ्रेममध्ये रचण्यासारखे काही नसते आणि पुढच्या वेगळ्या फ्रेमकडे जाताना टीव्ही एकदम घसरगुंडी करतो. परिणामी मांजर थांबते, सरकते, थांबते, सरकते. मिशा आणि तलवारीभोवती धुरकट कडा दिसतात. सर्वांत वाईट म्हणजे विनोद मरतो. चेहरा एका झटक्यात बदलला तर हसू येते, लोण्यासारखा वितळत बदलला तर नाही.

उपाय सोपा आहे. चित्रपट सुरू असतानाच सेटिंगमध्ये जाऊन सॅमसंगवर ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ बंद करावे. एलजीतले ‘रिअल सिनेमा’ तेवढे राहू द्यावे, ते २४ फ्रेमची लय सांभाळते. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर एका बटणात काम होते. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक अधिक ठळक दाखवणारे) चित्र सुरू झाले की पुष्कळ टीव्ही वेगळा पिक्चर मोड घेतात. म्हणून एकदा बंद केलेले पुन्हा चालू दिसले तर तिथेही बंद करावे. यानंतर कॅमेरा आडवा फिरताना किंचित थरथर जाणवेल. ती २४ फ्रेमची मूळ चाल आहे.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि धमाके कानठळ्या बसवणारे, ही दुसरी तक्रार. ५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक) संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरसाठी असतात; टीव्हीच्या दोन स्पीकरांत सगळे कोंबले की ते दबतात. ऑडिओच्या यादीत स्टिरिओ असेल तर तो निवडावा, नसेल तर टीव्हीतला संवाद ठळक करणारा पर्याय लावावा. (त्या यादीत हिंदी, तमिळ, तेलुगू असते, मराठी सहसा नसते. ते दुखणे वेगळ्या पत्राचे.)

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून डिस्क मागवणार असाल तर वेष्टन आधी वाचायला सांगा. डिस्कवर रिजनचे, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागात चालेल याचे, कुलूप असते. तिथली डीव्हीडी रिजन १ची, आपली ५ची. ब्लू-रेत तिथे ए, इथे सी. काही ब्लू-रे सर्व रिजनमध्ये चालतात, पण भरवसा नाही. ४के यूएचडी डिस्कला रिजनचे कुलूप नसते. मात्र त्यासाठी प्लेअरही ४केच लागतो.

आपला,
एक वाचक, ठाणे