'टुणूक टुणूक'चा हिशेब

महोदय,

सुट्टीत कागदी बाहुल्या थोड्या थोड्या सरकवून, दर वेळी मोबाइलने एक फोटो काढत छोटा अ‍ॅनिमेशनपट करायचा म्हटला, की 'म्हातारी आणि भोपळा' ही गोष्ट हाताशीच असते. निवड झकास आहे. पण पडद्यासमोर कुणी हसले नाही, की दोष चित्रांना दिला जातो आणि वरून तयार हशा नि चमचमते इफेक्ट चिकटवले जातात. चित्रे बहुधा चांगलीच असतात. चुकतो तो फोटोंचा हिशेब.

सेकंदाला १२ फोटो धरले, तर तीन मिनिटांना २१६० फोटो लागतात. म्हणून आवाज आधी रेकॉर्ड करावा आणि त्याच्या मापाने फोटो काढावेत. एक 'टुणूक' एका सेकंदात बसते. पुठ्ठ्याचे तीन भोपळे कापावेत : नेहमीचा, दबलेला, ताणलेला. उडीआधी ३ फोटो दबलेला, २ वर जाताना ताणलेला, २ वरच थांबलेला, २ खाली येताना, १ आपटून चपटा, २ सावरताना. सुरुवातीचे दबणे गाळले, तर भोपळा उडी मारत नाही, दोरीने ओढल्यासारखा वर सरकतो. चपटा करताना तो तेवढाच रुंदही झाला पाहिजे, नाहीतर हवा गेलेल्या फुग्यासारखा दिसतो.

खरा विनोद मात्र उडीनंतर आहे. भोपळा वाघाला उत्तर देऊन निघून जातो, तेव्हा वाघ १२ फोटो जागचा हलू नये. मधले २ फोटो फक्त पापण्या मिटाव्यात. मग मान वळावी. हा थांबा ४ फोटोंवर आणला, की वाघ फसला हे प्रेक्षकाला कळेपर्यंत पुढचे दृश्य सुरू झालेले असते. कोल्हा नि वाघ नुसत्या रंगाने वेगळे करूनही भागत नाही. डिस्नेच्या १९३३ सालच्या 'थ्री लिटल पिग्ज'मधली डुकरे दिसायला जवळपास सारखी, तरी वागण्या-चालण्यावरून ओळखू येतात. कोल्ह्याने तुरुतुरु यावे, वाघाने एकेक पाय तोलून टाकावा. म्हातारीची काठी आधी पडावी, पाऊल मागून. लेकीकडे तूपरोटी खाऊन ती लठ्ठ होते, तेव्हा तिची बाहुली दुसरी लागते, हेही विसरले जाते.

मातीच्या बाहुल्या करू नयेत. ओल्या असल्या तर दबतात, वाळल्या की तडकतात. लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम, सांध्यांना दोऱ्याची गाठ. दोन्ही बाजूंना विटांच्या थप्प्या, वर फळी, फळीच्या फटीतून मोबाइलचा कॅमेरा खाली बघणारा. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करावेत. खिडकीतून ऊन येऊ दिले, तर ढग आला-गेला की चित्र लुकलुकते. फोटो काढणाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यानेही तेच होते, म्हणून गडद कपडे घालावेत. पंखा बंद, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात काम सकाळीच. फोन विमान मोडवर ठेवावा आणि पॉवर बँक पहिल्या फोटोपासून जोडलेली असावी. चार्जिंगसाठी फोन एकदा उचलला, की तो पुन्हा तंतोतंत त्याच जागी बसत नाही.

बोली आपली वऱ्हाडीच ठेवावी. 'काऊन वं बुढे, कोठी चालली?' यात जो वाघ उभा राहतो, तो पुस्तकी वाक्याने राहत नाही. चित्रातही आपण वऱ्हाडात ज्या भोपळ्याला कोहळं म्हणतो तोच हवा, उभ्या फाकांचा, गरगरीत. एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांना वाघाची भीती खरीच ठाऊक आहे. तेव्हा म्हातारीच्या थरथरण्यावर हशा मागू नये, वाघाच्या हावरटपणावर मागावा.

आपल्या बालपुरवणीत कोहळ्याचे हे तीन आकार, साधारण चार इंचांचे, कापून घेता येतील असे छापावेत ही विनंती. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो. तो पुठ्ठ्यावर चिकटवताना खळ अगदी कमी लावून रात्रभर वजनाखाली ठेवावा, अशी सूचनाही सोबत द्यावी. नाहीतर कडा वळतात आणि प्रत्येक फोटोत सावली वेगळी पडते.

— एक कलाशिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ