बाबा, पट्ट्या येताहेत

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, चालताना पायांना ठेका देणाऱ्या पट्ट्यांचे पैसे भरून झालेत. विचारलं असतं तर तुम्ही ‘कशाला उगीच’ म्हणाला असतात आणि मी गप्प बसले असते, म्हणून विचारलं नाही. रागावू नका.

गणपतीत तुमचे पाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडकले, ते डोळ्यांपुढून जात नाही. हातात आमटीची वाटी, धड पुढे झुकलेलं, पाय जागचे हलेनात. मी घाबरून हात ओढला. चुकलंच माझं, तशाने तोल जातो. आई मात्र मागून पाठीवर थोपटत राहिली, एक-दोन, एक-दोन, आणि पाऊल उचललं!

पट्ट्या तेच करतात. दोन्ही घोट्यांना बांधायच्या. आधी डावी थरथरते, मग उजवी. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन कमी पडतं आणि चालीचा आतला ठेका सुटतो. तो बाहेरून मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल उचलतो. कानात टिकटिक वाजवूनही हे होतं, पण रस्त्यावर तुम्हाला रिक्षाचा हॉर्न ऐकू यायला हवा. शिवाय पायजम्याखाली काय बांधलंय ते कट्ट्यावर कुणाला दिसणारही नाही. शॉक बसत नाही, मऊ आहेत, मोज्यावरूनही चालतात. आजार यानं बरा होणार नाही, आणि सगळ्यांना सारखा गुणही येत नाही. पण करून तर बघू.

थरथरण्याचा वेग तुमची चाल बघून ठरवायचा असतो, म्हणून फिजिओथेरपिस्ट शुक्रवारी दहाला येतील. त्यांना ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही.

लेझमीत माझं पाऊल चुकलं की तुम्ही सगळ्यांदेखत ओरडायचा नाहीत. मागे येऊन खांद्यावर दोन बोटांनी ठेका द्यायचात. ती बोटं मला अजून जाणवतात, बाबा.

आता ऐका. गोळी जेवणाआधी अर्धा तास, रोज त्याच वेळेला. वळताना गर्रकन नाही, मोठा वळसा घ्यायचा. चालताना हातात वाटी-पेला काही नको. आई, न्हाणीपुढचं पायपुसणं आजच उचल, आणि पट्ट्या रात्री तुझ्या मोबाइलशेजारी चार्जिंगला लाव.

दिवाळीआधी रजा मिळत नाहीये. फार वाईट वाटतंय. पहिल्या दिवशी मी फोनवर असेन, व्हिडिओ लावून ठेव. आणि आई, तुझ्या गुडघ्याचं मी विसरलेले नाही, त्याचंही शुक्रवारी त्यांना विचार.

तुमची,
छकुली