गणित घेऊन पुढे काय?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

माझी पुतणी दहावीला आहे, गणितात हुशार. परवा तिच्या शाळेत करिअर मार्गदर्शन होतं म्हणून मी पण गेलो, तर दोन तास नुसतं इंजिनिअरिंग आणि मेडिकल, शेवटी पाच मिनिटं स्पर्धा परीक्षा. पोरीने हात वर करून विचारलं की सर मला फक्त मॅथ्स आवडतं मग काय करू, तर उत्तर आलं 'मग शिक्षिका हो' आणि सगळे हसले. शिक्षिका होणं वाईट नाहीच हो, पण तेवढंच आहे का?

विम्याचा हप्ता कोण ठरवतं? ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ. त्यासाठीची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते, हे मलाही चाळिशीत कळलं! कोलकात्याला संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी 1931 साली काढलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे, तिथे बारावीनंतर बी.स्टॅट., म्हणजे संख्याशास्त्राची पदवी, करता येते, हे आमच्याकडे किती शिक्षकांना माहितीये?

आणि लांब कशाला, आमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा गवंड्याने पायाचा कोपरा तपासायला एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फुटावर खूण केली अन् तिरकी टेप लावली, बरोबर 5 भरली तर काटकोन. पोरगी बघतच राहिली, म्हणे काका हे तर पायथागोरस!

शाळांनी वर्षातून एकदा तरी असा गवंडी, एखादा सर्व्हेअर, बँकेतला जोखीम मोजणारा रिस्कवाला वर्गात बोलवावा. चहापाण्याचा खर्च पालक करू, त्यात काय एवढं.

- एक पालक, सातारा